खुलासा : बोट फिरवून आठवण पुसली जात नाही

‘मुलाच्या डोळ्यांसमोर दहा मिनिटं बोट फिरवा, अपघाताची आठवण कायमची पुसली जाईल’ असा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

ईएमडीआर, म्हणजे त्रासदायक आठवण मनात आणून त्याच वेळी डोळे डावी-उजवीकडे हलवायचे, ही उपचारपद्धत मात्र खरी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शपिरो यांनी १९८९मध्ये तिच्यावरचा पहिला अभ्यास छापला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३मध्ये पीटीएसडीसाठी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक त्रासासाठी, ती मुलांनाही सुचवली. पण तिचे टप्पे आठ. डोळे हलवण्याआधी मुलाचा विश्वास मिळवणं, घाबरल्यावर शांत कसं व्हायचं ते शिकवणं, यातच बराच वेळ जातो. आठवण राहतेच, तिची धार बोथट होते. हे संमोहनही नव्हे. मूल जागं असतं, ‘थांबा’ म्हणू शकतं.

डोळ्यांऐवजी थापट्याही चालतात : हात छातीवर फुलीसारखे ठेवायचे आणि एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हलकं थोपटायचं. ही ‘फुलपाखरू मिठी’ मेक्सिकोतल्या अकापुल्कोत, पॉलीन वादळातून वाचलेल्यांबरोबर काम करताना सुचलेली.

ब्रिटनची नाइस ही संस्था ७ ते १७ वयोगटाला आधी आघातकेंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी, बोलण्यातून होणारी थेरपी) सुचवते. ती लागू पडली नाही तर ईएमडीआर. डोळ्यांच्या हालचालीचा नेमका वाटा किती, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही.

घरी प्रयोग नकोच. अर्धवट उकरलेली आठवण रात्री तीनला मुलाला उठवते, तेव्हा बोट फिरवणारे मामा घोरत असतात.