‘घर आपलं, मग परवानगी कशाला?’ या मेसेजला मुद्देसूद उत्तर

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. प्रत्येक ठिकाणी शब्द थोडे वेगळे, पण दावा एकच: स्वतःच्या घरात खोली वाढवायला, गॅलरी आत घ्यायला, टेरेसवर छप्पर टाकायला महापालिकेची परवानगी लागत नाही. त्याच्या आधाराला पाच कारणं दिली जातात. 1500 चौरस फुटांपर्यंत शासनाने परवानगीची अट काढून टाकली. घराच्या आत काहीही करायला कायद्यानेच सूट आहे. अर्ज केल्यावर 60 दिवसांत उत्तर आलं नाही की मंजुरी आपोआप मिळते. घरपट्टी लागली की बांधकाम अधिकृत. आणि पुढेमागे काही निघालंच तर दंड भरून नियमित होतं. शेवटी सल्ला असा की बांधकाम विभाग म्हणजे पैसे खायचं कुरण, त्या पायरीला पायच लावू नका.

मी परवानाधारक अभियंता आहे. घरांच्या वाढीव बांधकामाचे प्रस्ताव तयार करून दाखल करणं हे माझं रोजचं काम. या मेसेजमध्ये धादांत खोटं असं फार थोडं आहे. प्रत्येक वाक्यात कायद्याचा एक तुकडा खरा आहे आणि त्याच्या पुढची अट कापलेली आहे. लोक फसतात ते त्यामुळेच, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

1500 चौरस फुटांचा आकडा कुठून आला ते आधी पाहू. मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं वगळता राज्यभरासाठी डिसेंबर 2020 मध्ये एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. तिला आम्ही सगळे यूडीसीपीआरच म्हणतो. त्यात लहान भूखंडांसाठी सोपी पद्धत आली. 150 चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे ढोबळमानाने 1500 चौरस फुटांच्या भूखंडावर बांधायचं असेल तर वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंत्याने नियमांप्रमाणे केलेला नकाशा, मालकीची कागदपत्रं आणि दाखला द्यायचा, शुल्क भरायचं, आणि त्याची पावती हीच परवानगी. 300 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला 10 दिवसांत प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करायचा परवाना. चांगली सुधारणा आहे, आणि तिने फेऱ्या कमी झाल्या हे मी स्वतः पाहतो.

पण हा आकडा भूखंडाचा आहे. दोन एकरांच्या ले-आउटवरच्या सात मजली इमारतीत तुमचा फ्लॅट 700 फुटांचा असला तरी तुमचा भूखंड 1500 च्या आत येत नाही. दुसरं, नकाशा द्यावाच लागतो आणि सामासिक अंतर (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा), उंची, चटई क्षेत्र (भूखंडावर एकूण किती बांधता येईल तो हिशेब) हे सगळं पाळावंच लागतं. फरक एवढाच की तपासणीची जबाबदारी पालिकेकडून नकाशावर सही करणाऱ्याकडे आली. पावती न घेता पहिला मजला चढवला तर तो विनापरवानाच. ग्रामपंचायत हद्दीतल्या 3200 चौरस फुटांबद्दलही असाच गोंधळ आहे. तिथे नगररचना कार्यालयाची फेरी टळली, ग्रामपंचायतीकडे कागद देणं टळलेलं नाही.

आता घराच्या आतल्या कामांचा मुद्दा. यावर जास्त बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 43 मध्ये खरोखरच सूट आहे. जी कामं फक्त इमारतीच्या आतल्या भागापुरती आहेत किंवा बाहेरच्या रूपात म्हणावा असा बदल करत नाहीत, अशा देखभालीला, सुधारणेला परवानगी लागत नाही. मुंबईत 1888 च्या महापालिका कायद्याचं कलम 342 आहे. त्यात रंग, गिलावा, फरशी बदलणं, संडास-बाथरूमची दुरुस्ती, नळ आणि ड्रेनेजचे पाइप बदलणं, वायरिंग, त्याच साहित्याने छप्पर बदलणं ही यादीच दिलेली आहे. यासाठी कोणी नोटीस मागत असेल किंवा पैसे मागत असेल तर त्याला हे कलम दाखवा.

गॅलरी आत घेणं मात्र त्या यादीत बसत नाही. जुन्या नियमांखाली मंजूर झालेल्या बऱ्याच इमारतींत बाल्कनी चटई क्षेत्रात धरलेलीच नाही. ती उघडी राहणार या भरवशावर दिलेली आहे. तिची मधली भिंत काढून हॉल वाढवला की बांधकामाचं क्षेत्र वाढतं. टेरेस फ्लॅटची लगतची गच्ची नकाशात ‘ओपन टेरेस’ म्हणून दाखवलेली असते. तिच्यावर लोखंडी चौकट, पत्रा आणि तिन्ही बाजूंनी स्लायडिंग खिडक्या बसवल्या की ती खोली झाली, मग ठेकेदार तिला शेड म्हणो की पावसाळी आडोसा. सोसायटीचं ना-हरकत पत्र असलं तरी फरक पडत नाही. ते पत्र लागतं, पण सोसायटी नियोजन प्राधिकरण नाही, म्हणजे बांधकामाला परवानगी देण्याचा अधिकार तिला नाही.

त्याहून मोठा प्रश्न वजनाचा. राहत्या खोलीचा स्लॅब माणसं आणि सामान धरून चौरस मीटरला सुमारे 200 किलो चल भाराच्या हिशेबाने डिझाइन होतो. आता एखाद्याने बेडरूमच्या कोपऱ्यात नवीन बाथरूम काढलं. पाइपला उतार मिळावा म्हणून फरशी वीतभर उचलली आणि खाली विटांच्या तुकड्यांचा भराव टाकला. नऊ इंच भरावाचं वजन चौरस मीटरला साडेतीनशे किलोच्या वर जातं. त्यावर फरशी, त्यावर भिंत. चार इंची विटेची भिंत दहा फूट उंच असेल तर गिलाव्यासकट मीटरला पाऊण टनाच्या आसपास भरते. हे सगळं ज्या स्लॅबवर आलं त्याच्या नकाशात तिथे पलंग होता. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून घरमालकाला वाटतं की काम आतलंच होतं. खालच्या घराच्या छताला तडा आणि ओल आल्यावर भांडण सुरू होतं, आणि तेव्हा दाखवायला एकही कागद नसतो.

घाटकोपरची सिद्धी साई इमारत 25 जुलै 2017 रोजी कोसळली आणि 17 माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं. त्यात खांबांना धक्का लावल्याचं रहिवाशांनी सांगितलं आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला. तेही कुणाच्या तरी जागेतलं ‘आतलं’ काम होतं. जुन्या लोडबेअरिंग घरांत तर खांब नसतातच, भिंतच वजन पेलते. तिथे हॉल आणि स्वयंपाकघर एक करायचं म्हणून भिंत पाडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलवा. प्रस्तावासोबत त्याचा दाखला मागितला जातो तो याचसाठी.

60 दिवसांचा दावा बघा. नगररचना अधिनियमाच्या कलम 45 चं पाचवं पोटकलम असं आहे की अर्ज मिळाल्यापासून 60 दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाल्याचं मानलं जाईल. मेसेज इथे थांबतो. कायदा पुढे जातो. हे 60 दिवस अर्जाच्या तारखेपासून किंवा पालिकेने काढलेल्या त्रुटीला तुम्ही उत्तर दिल्याच्या तारखेपासून, यातली जी तारीख नंतरची असेल तिथून मोजायचे. म्हणजे 55 व्या दिवशी मोजणी नकाशा मागितला, तर तुम्ही तो दिलात त्या दिवसापासून पुन्हा मोजणी. आणि मुख्य अट अशी की प्रस्ताव विकास नियंत्रण नियमावलीत आणि विकास आराखड्यात तंतोतंत बसणारा हवा. नसेल, तर अशा मानीव, म्हणजे आपोआप मिळाली असं धरलेल्या, परवानगीवर केलेलं बांधकाम अनधिकृतच धरायचं आणि त्याला कलम 52 ते 57 लागू करायची, असं त्याच पोटकलमात लिहिलेलं आहे. कलम 52 मध्ये कैदेचीही तरतूद आहे.

याचा साधा अर्थ असा की बाजूचं अंतर खाणारी खोली 60 दिवस काय, 600 दिवस गप्प बसून मंजूर होत नाही. ज्याचा प्रस्ताव चोख आहे त्याच्या हातात मात्र हे कलम खरं हत्यार आहे. त्यासाठी प्रत्येक त्रुटीचं उत्तर लेखी द्या, ऑनलाइन दाखल केलं असेल तर तारखेसकट स्क्रीन जपून ठेवा, प्रत्यक्ष दिलं असेल तर आवक क्रमांक घ्या. साहेबांशी बोलणं झालंय, होऊन जाईल, या भरवशावर राहिलेल्या माणसाला 60 दिवसांचा फायदा कधीच मिळत नाही, कारण त्याच्याकडे तारीखच नसते.

घरपट्टीबद्दल सरळ उत्तर कायद्यातच आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 267-अ प्रमाणे बेकायदा बांधकामावर मालमत्ता कर तर लागतोच, वर शास्ती म्हणजे दंडही लागतो, आणि असा कर घेतला म्हणून बांधकाम नियमित झालं असा अर्थ काढायचा नाही हेही तिथेच नमूद आहे. पिंपरी-चिंचवडकरांना हे वेगळं सांगायला नको. तिथे हजारो कुटुंबांनी वर्षानुवर्षं शास्तीकराचं ओझं सोसलं. 2023 मध्ये राज्य सरकारने तो माफ केला तेव्हा घरं अधिकृत झाल्याचे मेसेज फिरले. माफ झाली ती शास्ती. नकाशा मंजूर नव्हता, तो त्यानंतरही मंजूर नव्हताच. विजेचं मीटर, पाण्याचं कनेक्शन, आधारवरचा पत्ता, यातल्या कशानेही बांधकाम परवाना सिद्ध होत नाही.

राहिला दंड भरून नियमित करण्याचा दावा. अशा योजना आल्या, हे खरं. पण प्रत्येकीला कट-ऑफ तारीख आहे. 2017 मध्ये नगररचना कायद्यात आलेलं कलम 52-अ हे 31 डिसेंबर 2015 पर्यंतच्या बांधकामांसाठी. गुंठेवारीची, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून विकलेल्या भूखंडांच्या नियमितीकरणाची, मुदत 2021 च्या दुरुस्तीने वाढली, तीही 31 डिसेंबर 2020 पर्यंतच. आज उभ्या केलेल्या भिंतीला यातलं काहीच लागू नाही. नोटीस आल्यावर कलम 53 खाली बांधकाम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो, पण तो तपासतात त्याच नियमांवर, ज्यांवर आधी केला असता तर तपासला असता. नियमात बसणारं असेल तर जास्तीचं शुल्क भरून सुटाल. न बसणारं बसवता येत नाही.

बरीच वर्षं झाली की कोणी हात लावत नाही, असंही यात जोडलेलं असतं. वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमधली कुटुंबं वाढीव मजल्यांवर 1980 च्या दशकापासून राहत होती. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2013 मध्ये ते मजले नियमित करायला नकार दिला आणि जून 2014 मध्ये त्या घरांचं पाणी, वीज, गॅस तोडलं गेलं. 17 डिसेंबर 2024 रोजी मेरठच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं की लोटलेला काळ, घातलेला पैसा किंवा अधिकाऱ्यांची ढिलाई यामुळे अनधिकृत बांधकाम वैध होत नाही. बांधकाम पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा (इमारत वापरायला परवानगी देणारा) दाखला तपासल्याशिवाय बँकांनी अशा इमारतीवर कर्ज देऊ नये, असंही त्यात आहे. म्हणजे पालिकेने कधी नोटीस काढली नाही तरी घर विकताना प्रश्न येतोच. बँकेचा मूल्यांकनकार मंजूर नकाशा हातात घेऊन खोल्या मोजतो. नकाशात टेरेस आणि समोर बेडरूम दिसली की तो तसं लिहितो, आणि व्यवहार तिथेच अडकतो.

कुरणाच्या मुद्द्यावर मात्र मेसेज लिहिणाऱ्याचा राग मला कळतो. एकाच वेळी सगळ्या त्रुटी न काढता एक भागवली की दुसरी काढायची, साइट व्हिजिटची तारीख द्यायची आणि यायचं नाही, ऑनलाइन प्रणालीत फाइल एका टेबलावर दिवसेंदिवस ठेवायची, हे सगळं चालतं. एका खोलीच्या प्रस्तावाला टाउनशिपच्या फाइलइतका वेळ लागतो तेव्हा सामान्य माणूस गवंड्याला फोन करून मोकळा होतो. त्याला तिथवर ढकलणारी यंत्रणा दोषी आहे आणि तिने सुधारायलाच हवं. पण नोटीस त्या टेबलावरच्या माणसाच्या नावाने निघत नाही, तुमच्या नावाने निघते.

म्हणून अडकलात तर यातलं करा. नकार आला तर कारणं लेखी असलीच पाहिजेत. नसतील तर मागा. नगररचना अधिनियमाच्या कलम 47 प्रमाणे 40 दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येतं. बांधकाम परवाना, जोते प्रमाणपत्र (जोत्यापर्यंतचं काम नकाशाप्रमाणे असल्याचं) आणि भोगवटा प्रमाणपत्र या सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खाली अधिसूचित आहेत. मुदत टळली की प्रथम अपील, मग द्वितीय अपील, आणि कसूर ठरली तर संबंधित अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये शास्ती. रक्कम लहान वाटेल, पण अपिलाचा कागद दाखल झाला की फाइल का थांबली याचं उत्तर लेखी द्यावं लागतं. आणि काम सुरू करण्याआधी तुमच्या इमारतीचा मंजूर नकाशा एकदा बघा. सोसायटीकडे नसेल तर माहिती अधिकारात पालिकेकडून प्रत मिळते. गॅलरी, टेरेस, डक्ट कशा दाखवल्या आहेत ते त्यात दिसतं, आणि परवानगी लागते की नाही हे त्यावरून सांगता येतं.