गाण्याची स्पर्धा जिंकायचीय? मग आधी गाऊ नका

मुलांच्या गाण्यावर पैसे घालवणाऱ्या तमाम नागपूरकर पालकांनो, जरा थांबा. सकाळचा खर्ज, पलटे, क्लासची फी, हप्त्यावर घेतलेली पेटी, भर उन्हात तोंडाला स्कार्फ गुंडाळून लक्ष्मीनगर ते महाल अशी स्कूटीवरची ने-आण, यातलं काहीएक लागत नाही. स्पर्धा जिंकायला लागतो तो कितव्या नंबरवर गायचं याची चिठ्ठी उचलणारा हात. रियाज करून घ्यायचाच असेल तर त्या हाताचा घ्या.

उगाच बोलत नाही, पुराव्याला युरोप आहे. युरोव्हिजन नावाची देशादेशांची गाण्याची स्पर्धा १९५६ साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानोला सुरू झाली. प्रत्येक देश आपलं गाणं पाठवतो, गाणं तीन मिनिटांच्या आत संपवायचं, मंचावर सहापेक्षा जास्त माणसं नकोत. हल्ली परीक्षक आणि प्रेक्षक मिळून निकाल लावतात. अंतिम फेरी मे महिन्यात असते, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. मे महिन्यात नागपुरात झोप कोणाला येते? कूलरच्या घरघरीत बघत बसतो मी. तर या स्पर्धेत १९५६ पासून २०२५ पर्यंत दुसऱ्या क्रमांकावर गायलेलं एकही गाणं जिंकलेलं नाही. एकही नाही बाप्पा! मतं मोजायची पद्धत किती वेळा बदलली, देश फुटले, नवे आले, पण दोन नंबरवाला हात हलवत परत गेला.

आता इथल्या मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेत माझ्या भाचीला चिठ्ठीत मिळालेला चेस्ट नंबर सांगतो. दोन.

तेव्हा सूचना अशी, की चिठ्ठीत दोन निघाला तर ती तिथंच गिळून टाका.

एक निघाला तर मात्र इतिहासात आशेला थोडी जागा आहे. सगळ्यांत आधी गाऊन १९७५ साली नेदरलँड्स, १९७६ साली ब्रिटन आणि १९८४ साली स्वीडन जिंकलं. त्यानंतर २०२५ पर्यंत कोणी नाही. म्हणजे एक नंबर मिळालेल्या पालकांनी धीर सोडू नये, तुमची नात जिंकेल कदाचित.

मागायचेच असतील तर मोठे आकडे मागा. २००६ साली फिनलंडचे राक्षसी मुखवटेवाले लॉर्डी सतराव्या नंबरवर गायले आणि जिंकले. २०१२ साली स्वीडनची लॉरीन, तीही सतराव्या. २००९ साली नॉर्वेचा अलेक्झांडर रिबाक विसाव्या, २०१० साली जर्मनीची लेना बाविसाव्या, २०१८ साली इस्रायलची नेटा बाविसाव्या, २०२१ साली इटलीचा मोनेस्किन बँड चोविसाव्या. १९८९ साली तर युगोस्लाव्हियाचा रिव्हा बँड बावीस जणांत बाविसावा, म्हणजे अगदी शेवटी गायला आणि करंडक घेऊन गेला. इथं कोणी शहाणा हटकेलच की २०२३ साली हीच लॉरीन नवव्या नंबरवरून जिंकली, २०२५ साली ऑस्ट्रियाचा जेजेसुद्धा नवव्याच. जिंकले ना, नाही कोण म्हणतो? गाणं तेवढं जबरदस्त असेल तर नंबराचं ओझं पेलून नेतंही. पण ते ओझं ठेवायचंच कशाला, आणि तेही बारा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर?

आयोजक होणार असाल तर युरोपकडून अर्धीच अक्कल घ्या. तिकडे २०१२ पर्यंत गाण्यांचा क्रम चिठ्ठीनं लागायचा. २०१३ पासून, म्हणजे स्वीडनमधल्या माल्मोच्या स्पर्धेपासून, कार्यक्रम रंगावा म्हणून निर्मातेच क्रम लावू लागले. स्पर्धकाला चिठ्ठीत मिळतो तो पूर्वार्ध नाही तर उत्तरार्ध, आणि २०२४ पासून 'निर्माते ठेवतील तिथं' अशीही एक चिठ्ठी त्यात आली. तरी एक गोष्ट त्यांनी चिठ्ठीवरच ठेवली आहे, ती म्हणजे यजमान देशाचा नंबर. घरच्यांनी आपल्या पोराला सोयीचं पान वाढून घेऊ नये म्हणून. ही दुसरी अर्धी अक्कल चुकूनही आणू नका. नाही तर मंडळाच्या सचिवांच्या पुतण्या नेमक्या 'मध्यंतरानंतर लगेच, सभागृह भरल्यावर' कशा गातील?

बाकी निर्माते दमदार गाणी मागं ठेवू लागले की नंबरामुळे गाणं जिंकलं की गाण्यामुळे तो नंबर मिळाला, हे उलगडत नाही. खरा पुरावा जुन्या, चिठ्ठीच्या दिवसांतला. २००५ साली वेंडी ब्रुइने दे ब्रुइन या संशोधिकेनं युरोव्हिजनचे आणि बर्फावरच्या फिगर स्केटिंगच्या मोठ्या स्पर्धांचे गुण तपासले. जितका नंबर उशिरा तितके गुण चढे. कारणही साधं आहे. नव्यानं येणाऱ्याला परीक्षक आधीच्यांशी ताडून बघतो, त्यामुळे त्याच्यात जे नवं असतं ते उठून दिसतं. पहिल्याला ताडायला मागं कोणी नसतंच. आणि हे युरोव्हिजनमध्ये, जिथं तेव्हा सगळी गाणी ऐकून झाल्यावर गुण देत! आपल्याकडे तर गाणं संपून टाळ्या थांबायच्या आत कागद गोळा करतात.

परीक्षकाची खुर्ची मिळाली तर पहिल्या पोराला दहापैकी सहाच द्या. कितीही सुरेल गाऊ दे, सहाच. पुढं एखादा तानसेन येईल, त्याच्यासाठी चार राखून ठेवायला नकोत? दुसऱ्याला साडेसहा. मग तास उलटतो, दोन तास उलटतात, तानसेन काही येत नाही, जेवणाची वेळ होते, सावजीच्या रश्श्याचा वास पार मंचापर्यंत येतो. राखलेले चार गुण आता घरी न्यायचे का? शेवटच्या पाचांत वाटून टाका.

चिठ्ठी उघडून बघायच्या आधी कुलदैवताला नारळ बोला. याचा उपयोग नाही, पण खर्चही फार नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाची सूचना, नीट लिहून घ्या : उशिरा या. सकाळी नऊला हजेरी लावा असं पत्रकात लिहिलेलं असतं, ते भाबड्या लोकांसाठी. आमची ताई भाबडी. पावणेनऊला पोरीला घेऊन पश्चिम नागपुरातल्या त्या सभागृहाच्या पायऱ्यांवर हजर. पोरीनं गळा बसू नये म्हणून आदल्या दिवसापासून पाण्याशिवाय थंड काही घेतलं नव्हतं. सभागृहाचं कुलूप साडेनऊला उघडलं. दहाला चिठ्ठ्या. तिनं उचलली, दोन. मग पाहुण्यांची वाट. पाहुणे अकराला. दीपप्रज्वलन, वातीला हवा लागू नये म्हणून पंखे बंद, शाल, श्रीफळ, संत्र्याचं रोप, प्रास्ताविक, संगीताचं जीवनातलं महत्त्व. साडेअकरापर्यंत पोरगी विंगेत उभी, घसा कोरडा, हात गार. एक नंबरचा पोरगा गायला तेव्हा साउंडवाला खालून खुणा करत होता, की माईक तोंडाजवळ घे, लांब घे, नाही जवळच घे. त्या बिचाऱ्याच्या गाण्यावर माईक जुळवला. भाचीच्या गाण्यावर मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, जुळवला. तिला स्वतःचा आवाज ऐकू येईना, तबलजी आपल्याच लयीत, पहिल्या अंतऱ्यापर्यंत सभागृहात खुर्च्या सरकवण्याचा आवाज. तिसरे परीक्षक तेव्हा कुठं होते माहीत आहे? वर्धा रोडवर. फोन आला होता म्हणे, 'निघालोय, सुरू करा.' सुरू केलं! तीन खुर्च्या मांडलेल्या, दोन भरलेल्या, आणि सुरू केलं. ते आले तेव्हा चौथा स्पर्धक उभा राहत होता. पहिल्या तिघांचे त्यांचे गुण कुठून आणले? मी विचारलं. आयोजकांपैकी एक भाऊ अगदी प्रेमानं म्हणाले, "अहो, बाकी दोघांनी दिलेत ना, त्याच्या अंदाजानं टाकले त्यांनी. फरक काहून पडते?"

फरक काहून पडते!

हे इथंच थांबलं असतं तरी गप्प बसलो असतो. पत्रकात मोठ्या अक्षरांत नियम होता, नाव पुकारल्यावर हजर नसल्यास स्पर्धक बाद. पाच नंबरचा स्पर्धक पुकारला तेव्हा नव्हता. दोनदा पुकारला, नव्हता. शेवटी, सगळे गाऊन झाल्यावर, एक मोठी गाडी आली. मुलगा उतरला, छान झोप झालेला, इस्त्रीचा कुर्ता, सोबत स्वतःचा तबलजी. सूत्रसंचालिका म्हणाल्या, ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या आपल्या बालमित्राला आपण संधी देणारच, द्या टाळ्या. रविवारी सकाळी, नागपुरात, ट्रॅफिक! सभागृह भरलेलं, माईक जुळलेला, परीक्षक तिन्ही जागेवर आणि चार-चार गुण शिल्लक. पहिलं बक्षीस कोणाला मिळालं हे मी सांगायला हवं का? मुलगा वाईट गायला नाही, त्याचा दोषही नाही. मागच्या फ्लेक्सवर प्रायोजकांत त्याच्या आडनावाचं दुकान होतं, हा योगायोग असेल. नागपूर तसं लहान गाव आहे.

भाचीला उत्तेजनार्थसुद्धा नाही. प्रमाणपत्रावर नाव चुकवलेलं, ते वेगळंच.

हां, एक सूचना राहिली. निकालानंतर कोणी काही विचारलं की म्हणा, "अहो, स्पर्धा आहे, हारजीत चालायचीच, चिठ्ठी म्हटली की नशीब आलंच." हे वाक्य पाठ करा, प्रत्येक मंडळात चालतं.

कसलं नशीब हो? ब्रुसेल्सला क्वीन एलिझाबेथ नावाची मोठी संगीत स्पर्धा असते. तिच्या पियानोच्या अंतिम फेरीत बारा वादक, संध्याकाळी दोघं, अशा सहा संध्याकाळी. क्रम चिठ्ठीनं. २००३ साली व्हिक्टर गिन्सबर्ग आणि यान व्हान ऊर्स या दोन अर्थतज्ज्ञांनी त्या स्पर्धेचा हिशेब मांडला. पहिल्या दिवशी वाजवणारे निकालात मागं पडत. फेरीसाठी खास लिहिलेली नवी रचना परीक्षकही त्या संध्याकाळी पहिल्यांदाच ऐकत असतात, त्यांचाच कान अजून बसलेला नसतो. आणि खरी जिव्हारी लागणारी गोष्ट पुढं आहे. निकालात ज्यांचं नाव वर लागलं त्यांना पुढच्या आयुष्यात त्याचा फायदा होत राहिला, केवळ निकालात नाव वर लागल्यामुळे. एका चिठ्ठीचं देणं माणूस वर्षानुवर्षं फेडतो किंवा वसूल करतो. तिथं निदान चिठ्ठी खरी होती. आयोजकहो, तुम्ही तीही राखली नाही.

आता सरळच बोलतो. हे सगळं तुम्हाला माहीत असतं. पहिल्या दोन-तीन नंबरांचं काही खरं नाही, हे परीक्षक खासगीत सांगतात, साउंडवाला सांगतो, तबलजी तर हसून सांगतो. तरी कोणी हात हलवत नाही, कारण पहिला-दुसरा नंबर कायम दुसऱ्याच्याच लेकराला लागतो. उपायाला काय लाख रुपये पडतात? युरोव्हिजननं २०१० आणि २०११ साली पहिल्या गाण्यापासूनच मतदान खुलं ठेवून पाहिलं, पुन्हा बंद केलं, २०२४ साली अंतिम फेरीत परत उघडलं. पटलं नाही की मोडतात, पुन्हा मांडतात. तुम्ही मागच्या वर्षीचं पत्रक तारीख बदलून छापता. माईक स्पर्धेच्या आधी जुळवा. मागच्या वर्षीच्या विजेत्याला सुरुवातीला स्पर्धेबाहेरचं एक गाणं गाऊ द्या, त्याच्यावर काय तो आवाज बसवा, परीक्षकांचाही कान तयार होऊ द्या. गुण पेन्सिलीनं लिहा आणि सगळी मुलं गाऊन झाली की एकदा वरपासून खालपर्यंत बघा. दोन फेऱ्या असतील तर दुसरीत क्रम उलटा करा. एवढंच. यातल्या एकालाही प्रायोजक लागत नाही.

आणि परीक्षक महोदय, तुम्ही. तुमच्या नावामागं पंडित लावतात, तुमचे पाय धरायला पोरं रांग लावतात. न ऐकलेल्या गाण्याला गुण देताना तुमचा हात थांबला नाही? साडेसहा लिहिलेत तुम्ही तिला. सूर साडेसहा, ताल साडेसहा, शब्दोच्चार साडेसहा. तिचा 'ळ' कसा लागतो हे तुम्हाला ठाऊक नाही, ती कोणत्या पट्टीत गायली हे ठाऊक नाही, ती मुलगी आहे की मुलगा हे तुम्ही कागदावरच्या नावावरून ताडलं असणार. उशीर होतो, माणूस आहे, कबूल. मग आयोजकांना सांगायचं होतं की त्या तिघांना पुन्हा गाऊ द्या, मी ऐकलेलं नाही. पंधरा मिनिटं लागली असती. तेवढा वेळ तर तुमच्या सत्काराला लागला, मी घड्याळ लावून बसलो होतो.

पुढच्या वर्षीचं पत्रक आलं की त्याच्यावर परीक्षकांची नावं मी आधी वाचणार आहे. आणि सुरुवातीला तिन्ही खुर्च्या भरलेल्या नसतील तर ताईला सांगणार आहे, पोरीला मंचावर चढू देऊ नकोस. मग बाद करा खुशाल. नियम आहे ना तुमचा, मोठ्या अक्षरांतला?