गंजाच्या ॲनोडने गाडी तिप्पट धावेल का?

‘लोखंडाच्या गंजाचा ॲनोड ग्रॅफाइटच्या जवळजवळ तिप्पट वीज साठवतो, म्हणजे गाडी एका चार्जमध्ये तिप्पट धावेल. नॅनोकणांनी अडचणीही सुटल्यात, पण कंपन्या हे दाबून ठेवतात,’ असा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. ॲनोड म्हणजे लिथियम बॅटरीचं ऋण टोक, आज ते बहुधा ग्रॅफाइटचं असतं. त्या मजकुरातला पहिला आकडा खरा आहे, म्हणून बाकीचं खपून जातं.

ग्रॅफाइटची विद्युतभार साठवण्याची सैद्धांतिक क्षमता ग्रॅममागे ३७२ मिलिअँपिअर-तास, फेरिक ऑक्साइडची, म्हणजे गंजाची, १००७. कबूल. पण सेलमध्ये कॅथोडही, म्हणजे धन टोकही असतं आणि त्याची क्षमता साधारण २००च असते. एक अँपिअर-तास साठवायला कॅथोड ५ ग्रॅम लागतो, त्याच्या जोडीला ग्रॅफाइट २.७ ग्रॅम किंवा गंज १ ग्रॅम. वजन ७.७ वरून ६ ग्रॅमवर आलं, एवढीच बचत. आता व्होल्टेज बघा. कॅथोडच्या सुमारे ३.८ व्होल्टमधून ॲनोडचे वजा केले की उरतं ते सेलचं व्होल्टेज. ग्रॅफाइटचा सेल सुमारे ३.६ व्होल्ट देतो. गंजातून लिथियम बाहेर पडतं तेच १.७ व्होल्टच्या आसपास, त्यामुळे हातात उरतात जेमतेम २.१. गुणाकार-भागाकार केला की ग्रॅममागे ०.४७ वॅट-तासांच्या जागी ०.३५ मिळतात. तिप्पट सोडाच, गाडी पाऊणपटच धावेल!

शिवाय लिथियम आत शिरतं सुमारे ०.८ व्होल्टला. म्हणजे चार्ज करताना ३ व्होल्ट लावायचे आणि परत घ्यायचे २.१. शंभर युनिट भरले तर तीसेक उष्णतेत गेले.

नॅनोकणांनी हे सुटत नाही. कण लहान केले की फुगण्या-आक्रसण्याने होणारी मोडतोड कमी होते, हे खरं. पण पृष्ठभाग वाढतो, त्यावर इलेक्ट्रोलाइट (दोन टोकांमधला द्रव) विघटित होऊन थर बसतो आणि पहिल्याच फेरीत बरंचसं लिथियम कायमचं अडकतं. शोधनिबंधांतले देखणे आलेख बहुतेकदा नाण्याएवढ्या अर्धसेलवरचे असतात. तिथे समोर शुद्ध लिथियमची चकती असते, कितीही लिथियम वाया गेलं तरी तूट दिसत नाही. खऱ्या सेलमध्ये कॅथोडने आणलेली शिदोरी तेवढीच. कार्बनचा लेप, आधीच लिथियम भरून ठेवणं हे उपाय उपयोगी आहेत, पण व्होल्टेजमधली ती दरी त्यांनी बुजत नाही.

दाबून ठेवल्याचा आरोप तर टिकतच नाही. धातूंच्या ऑक्साइडांत लिथियम साठवण्याची ही पद्धत २००० साली ‘नेचर’मध्ये जाहीरपणे छापून आली. त्याआधी १९९७ मध्ये फुजीच्या संशोधकांनी कथिलाच्या ऑक्साइडवरचं काम ‘सायन्स’मध्ये मांडलं होतं.

आणि ऑक्साइडचे ॲनोड बाजारात आहेतच की! तोशिबा २००८पासून लिथियम टायटेनेटच्या बॅटऱ्या विकते. क्षमता फक्त १७५, ग्रॅफाइटच्या निम्म्याहूनही कमी. पण लिथियम आत-बाहेर करताना त्याचं आकारमान जवळपास बदलत नाही, म्हणून ते हजारो फेऱ्या टिकतं आणि झटपट चार्ज होतं. आता तोशिबानेच नायोबियम-टायटेनियम ऑक्साइड पुढे आणलंय, सैद्धांतिक क्षमता सुमारे ३८७. त्याची बॅटरी बसवलेली प्रायोगिक बस २०२४ मध्ये ब्राझीलमध्ये दाखवली गेली. ऑक्साइडांवर आशा ठेवायची तर मला ती इथे ठेवावीशी वाटते.