हँड-टेम पोपट घ्याच

पोपट पाळायचं तुमच्या मनात आलंय, म्हणजे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं पुढची ४०-५० वर्षं चालतं, पण त्याची काळजी आत्तापासून कशाला? कुत्र्याला फिरवावं लागतं, मांजराला तुमची गरज नसते. पोपट खांद्यावर बसतो, बोलतो आणि फोटोत झकास येतो. त्यातही घ्यायचा तो हाताने भरवून वाढवलेला, म्हणजे हँड-टेम. पिल्लाला पिसंही फुटलेली नसताना आईबापांपासून उचलायचं आणि सिरिंजने भरवायचं. मग जग नीट दिसू लागतं तेव्हा त्याला समोर पोपट दिसतच नाही, माणूस दिसतो, आणि ते स्वतःला माणूस समजायला लागतं. माझ्या विक्रेत्याने हे मला छाती फुगवून सांगितलं होतं. पुढे ही समजूत कोण निस्तरणार, हे विचारायचं माझं राहून गेलं. तुम्हीही विचारू नका, उगाच वातावरण बिघडतं.

पिल्लू जितकं लहान तितकं चांगलं. ‘अजून भरवणं सुटलेलं नाही, तुम्हीच भरवा, जास्त जीव लावेल’ असं कुणी म्हणालं की तिथेच पैसे मोजा. पातळ भरड साधारण ३९ ते ४१ अंशांवर हवी म्हणतात. जास्त गरम झाली तर गळ्याची अन्नपिशवी आतून भाजते, गार झाली तर अन्न पुढे सरकत नाही, तिथेच आंबतं, आणि घाईत श्वासनलिकेत गेली तर प्रश्नच मिटतो. पण थर्मामीटर कशाला? बोट बुडवून बघा, आणि मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेली भरड अजिबात ढवळू नका. एखादा कढत घास कुठे लपलाय, हे कळण्यातली गंमत निघून जाते. अनुभवी माणसाकडून स्वतःहून खायला लागलेलं, आईबाप आणि भावंडांत वाढून मग माणसाळलेलं पिल्लूही मिळतं. पण त्याला पोपट म्हणजे काय ते माहीत असतं. असल्या जाणत्या जिवाचं आपल्याकडे काय काम!

चार पिल्लांतून एक निवडायचं, तर जे दांडीवरून दांडीवर उड्या मारतंय, कोकलतंय, तुमच्या शर्टाचं बटण कुरतडतंय, ते टाळा. कोपऱ्यात पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून बसलंय ते घ्या. किती शांत स्वभाव! प्रत्येक श्वासाला शेपूट वरखाली होत असेल तर ते आतल्या आत ताल धरतंय असं समजा. आजार लपवण्यात पोपटासारखा पटाईत प्राणी नाही. रानात जो आजारी दिसतो तो आधी शिकार होतो, त्यामुळे तो शेवटपर्यंत धडधाकट असल्याचा आव आणतो. रोज काट्यावर वजन करणारे काही विक्षिप्त लोक असतात. दहा-वीस ग्रॅम घटले की ते पक्ष्यांच्या डॉक्टरकडे धावतात. त्यांच्याशी मैत्री ठेवू नका.

जात निवडताना सोफ्याचा रंग डोळ्यांसमोर ठेवा. निळा-पिवळा मकाव दिवाणखान्यात उठून दिसतो. त्याचा आवाज रानात दूरवरच्या थव्याला ऐकू जावा म्हणून घडलेला आहे, तो शेजारच्या फ्लॅटपर्यंत सहज पोचेल. काकाकुवा तर गळ्यातच पडतो आणि गळ्यातच राहतो. त्याच्या पिसांतून झडणारी पांढरी भुकटी घरातल्या दमेकऱ्याला आवडेलच. एक्लेक्टस नावाच्या पोपटात नर हिरवा आणि मादी लाल. अभ्यासकांनाही बराच काळ त्या दोन वेगळ्या जाती वाटल्या होत्या, तेव्हा तुम्ही एकाच रंगाची जोडी आणून अंड्यांची वाट बघत बसलात तर लाजू नका. बजी किंवा कॉकाटील असला छोटा पोपट घेऊन सुरुवात करण्याचा सल्ला मिळेल. त्यात मान कुठे आहे? शिवाय ती बिचारी तुमच्या हयातीतच जातात. शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयातला कुकी नावाचा काकाकुवा २०१६ साली गेला, तेव्हा ८३ वर्षांचा होता. गुंतवणूक म्हणतात ती ही.

आफ्रिकन ग्रे, म्हणजे तो करडा बोलका पोपट, घेणार असाल तर कागदपत्रं मागून विक्रेत्याला अवघडवू नका. रानातून इतके पकडले गेले की २०१६ मध्ये वन्यजीवांच्या व्यापारावर लगाम घालणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात त्याचं नाव गेलं, म्हणजे रानातल्या पक्ष्याचा व्यापारासाठीचा आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद. पिंजऱ्यात जन्मलेल्या पिल्लाच्या पायात लहानपणीच अखंड कडं घालतात, मोठ्या पायात ते जात नाही. कडं नसेल तर ‘पडलं असेल कुठेतरी’ असं म्हणा आणि पुढे चला.

पिंजरा गोल, उंच आणि नक्षीदार घ्या. पोपट आडवा उडतो, हेलिकॉप्टरसारखा वर जात नाही, पण पिंजरा शेवटी दिसायला हवा ना? दांडी एकच, गुळगुळीत, एकाच जाडीची. तळव्यांना फोड आले की बूट बदला म्हणावं. खायला सूर्यफुलाच्या बिया, सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षं. त्या त्याला आवडतात, मुलांना चिप्स आवडतात तशाच. यकृतावर चरबी चढेल, अ जीवनसत्त्व कमी पडून नाक-घसा बिघडेल, पण आवडीनं खातोय हे महत्त्वाचं. अवोकाडो आणि चॉकलेट त्याला विषारी असतात, म्हणजे आग्रह करायला दोन पदार्थ मिळाले. पिंजरा स्वयंपाकघरात ठेवलात तर उत्तमच. रिकामा नॉनस्टिक तवा गॅसवर विसरला की जो धूर निघतो, त्याचा तुम्हाला पत्ताही लागत नाही. पक्ष्याची फुप्फुसं इतकी तल्लख असतात की त्याचा निकाल काही मिनिटांत लागतो.

झोप त्याला दहा-बारा तास लागते. टीव्ही रात्री एकपर्यंत चालू ठेवा, सोबत होते.

आता बोलणं. अॅलेक्स नावाचा ग्रे शंभराच्या वर शब्द शिकला होता, रंग आणि आकार विचारले की उत्तर द्यायचा. आयरीन पेपरबर्ग या संशोधक बाईंनी त्याच्यावर सुमारे तीस वर्षं घालवली, तो २००७ साली जाईपर्यंत. तुम्हाला तेवढा वेळ नाही, म्हणून रेकॉर्डिंग लावून ऑफिसला जा. दिवसभर स्पीकर बोलेल आणि पोपट ऐकेल. तो शिकेलही, फक्त अभ्यासक्रम तो ठरवेल. माझा ग्रे आधी मायक्रोवेव्ह संपल्याची टिटिटी शिकला, मग माझा खोकला. पुढे बायको मला ज्या सुरात हाक मारते तो सूर. मी आजही उठून जातो आणि स्वयंपाकघरात कुणी नसतं. आमच्या घरात पोपट कुणाचा होतो, हे वेगळं सांगायला नको. मी निघताना दारातून त्याला ‘आलोच हं, दोन मिनिटांत’ म्हणायचो. ते त्यानं कधी उचललं, कळलंच नाही. तुम्हीही असं काहीतरी म्हणत जा. त्याला घड्याळ कळत नाही, दहा तासांची दोन मिनिटं सहज खपतात.

माया मात्र भरपूर करा. पाठीवरून, पंखांखालून, शेपटीपर्यंत हात फिरवा. डोकं आणि मान खाजवणं ही मैत्री, आणि त्याच्या खाली सगळी प्रणयाची भाषा, असं जाणकार सांगतात. जाणकारांना काय, ते माया मोजून करतात. पिल्लू वयात येईल तेव्हा त्यानं जोडीदार निवडलेला असेल, तुम्हाला किंवा तुमच्या बायकोला. उरलेला माणूस प्रतिस्पर्धी ठरतो, आणि प्रतिस्पर्ध्याचा कान कुठे असतो हे त्याला पाठ असतं. चावला की मोठ्यानं ओरडा. पोपटाला याहून रंगतदार खेळ माहीत नाही, उद्या पुन्हा मागेल. जास्तच झालं तर पिंजऱ्यावर चादर टाका. मग हळूहळू पिंजऱ्याबाहेरचे तासही कमी होतील, कारण ऑफिस आहे, मुलांच्या परीक्षा आहेत, गालिचा नवा आहे.

एक दिवस तळाशी पिसं दिसतील. पिसं झडण्याचा हंगाम असेल, म्हणून सोडून द्या. छातीवर गुलाबी कातडी दिसू लागली की स्प्रे आणा, तेल चोळा, शेजाऱ्यांना विचारा. डॉक्टर, तपासण्या, खेळणी, मोकळं उडणं, असले उपाय अगदीच अंगावर येतात. ज्याला सगळा थवा मिळून एक माणूस होता, तो त्या माणसाची दिवसभर वाट बघताना दुसरं काय करणार? हाताशी आलं ते उपटतो.

शेवटी जाहिरात. मजकूर तयार असतो: ‘हँड-टेम, खूप बोलतो, वेळेअभावी चांगल्या घरी देणे आहे, पिंजऱ्यासकट.’ पिसांचा फोटो जुना टाका. नवीन माणसं येतील, खूष होऊन घेऊन जातील. तो काही दिवस गप्प बसेल, जेवणार नाही. मग एका संध्याकाळी दाराची कडी वाजेल आणि त्या परक्या घरात, हुबेहूब तुमच्या आवाजात, कुणीतरी म्हणेल, ‘आलोच हं, दोन मिनिटांत.’