अक्षर चांगलं आहे म्हणून

काल पहाटे साडेचारला उठलो. बायकोने डबा भरला, मी पोराची किट बॅग खांद्यावर मारली आणि मुलुंडहून उभ्याने सीएसएमटी गाठलं. कशासाठी? गाइल्स शील्डच्या, म्हणजे मुंबईतल्या शाळांच्या क्रिकेट स्पर्धेच्या, आधीची सराव मॅच. सराव! पंधराही पोरांना थोडा थोडा हात मारायला मिळेल, एवढीच माफक अपेक्षा.

टॉस झाला. सरांनी आमच्या चिरंजीवांना जवळ बोलावलं आणि हातात स्कोअरबुक दिलं. "तुझं अक्षर चांगलं आहे ना, तू लिही."

अक्षर चांगलं आहे!! अहो, दोन वर्षं हा मुलगा लेगस्पिन टाकतोय. नेटमध्ये तुमच्या त्या लाडोबाची दांडी कितीदा गुल केलीय, ते लिहायला वेगळी वही लागेल. त्याबद्दल हातात काय, तर पेन. तेही घरून आणलेलं.

लाडोबा कोण, हे तुम्हाला सांगायला नकोच. बाबांनी यंदा सगळ्या टीमला जर्सी दिल्या, छातीवर त्यांच्या दुकानाचं नाव. शिवाय संध्याकाळी सरांच्याच खासगी कोचिंगला हजेरी. हे वशिल्याचं तट्टू ओपनिंगला गेलं आणि तिसऱ्या बॉलला परत आलं. तो भोपळा आमच्या पोराने इतका सुबक काढलाय, फ्रेम करून लावावा. मग बॉलिंगलाही पहिला तोच. तीन ओव्हर, सात वाइड. सातही अधिकची चिन्हं एका मापाची. मी बघितलं ना मागून वाकून.

आझाद मैदान 22 खेळपट्ट्यांचं म्हणून नावाजलेलं. माझ्या पोराला एकीवरही पाय ठेवता आला नाही. हो, पाण्याच्या बाटल्या घेऊन गेला होता, ते धरलं तर ठेवला.

त्यात शेजारचे एक पालक मला समजावायला आले. "1988 ला याच मैदानात सचिन-कांबळीने 664 ची भागीदारी केली, तेव्हा त्यांच्याच टीमचा पुढचा बॅट्समन अमोल मुजुमदार पॅड बांधून बसूनच राहिला. पुढे प्रथम श्रेणीत 11 हजारांवर धावा केल्या की नाही? 2025 ला कोच म्हणून भारताच्या महिला टीमला वर्ल्ड कप जिंकून दिला की नाही?" अहो काका, त्याच्या पुढे सचिन आणि कांबळी होते! माझ्या पोराच्या पुढे कापडाचं दुकान आहे! आणि मुजुमदारला निदान पॅड तरी बांधायला दिले होते.

हे आजचं नाही. तिसरीच्या गॅदरिंगला शिवाजी महाराज कोण झालं? ट्रस्टींचा नातू. आमचा मुलगा सिंहगडाचा बुरूज. चाळीस मिनिटं हलायचं नाही. लिंबू-चमच्यात पहिला आला, तर म्हणे अंगठा लावला होता. वर रात्री पालकांच्या ग्रुपवर सरांचा मेसेज: 'टीम स्पिरिट महत्त्वाचं.' खाली बावीस अंगठे. त्यातला एक आमच्या बायकोचा.

तिच्याशी यावरून भांडायला गेलो, तर ती शांतपणे म्हणाली, "रोज एक पान शुद्धलेखन कोण लिहून घेत होतं? क्रिकेट राहू दे, आधी अक्षर सुधार, असं कोण ओरडायचं?"

मी.

मग सासूबाईंसमोर तिने तेही काढलं, जे मी लग्नानंतर फुशारकीने सांगितलं होतं. चाळीत ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, आणि बॅट माझी होती. बोल्ड झालो की तो ट्रायल बॉल. आउट दिलं तर बॅट काखेत आणि मी घरी. तीन मजले पोरं मनवायला यायची.

पण ती चाळ होती! तिथे वार्षिक फी भरत नव्हतं कुणी!

शनिवारी पुन्हा मॅच आहे. पोराने लाल पेन मागितलंय, विकेट म्हणे लाल शाईत छान दिसते. निघालोय आणायला.