सप्रमाण संसार

आपल्या मुलीचे लग्न अमेरिकेतल्या मुलाशी ठरत असेल तर मनःपूर्वक अभिनंदन, आणि लगोलग एक विनंती. पत्रिका गुरुजींकडे नेण्याआधी मुलाकडे कोणता कागद आहे ते विचारून घ्या. मुलगा अमेरिकेचा नागरिक असेल तर त्याची पत्नी 'निकटची नातेवाईक' ठरते आणि तिच्यासाठी वर्षाला अमुकच व्हिसा अशी मर्यादा नसते. तो नुसताच ग्रीन कार्डधारक असेल तर पत्नी नातेवाईकच राहते, फक्त निकटची राहत नाही, आणि तिला रांग लागते. तो एच-वन-बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर असेल तर मुलगी एच-फोर, म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेली पत्नी, होऊन जाईल. तिची एम.टेक.ची पदवी त्या काळात कपाटात ठेवायची असते. मे २०१५ पासून काही एच-फोर पत्नींना नोकरीचा परवाना मिळतो, परंतु त्यासाठी सर्वसाधारणपणे नवऱ्याची ग्रीन कार्डाची याचिका मंजूर झालेली असावी लागते. तोवर तिने बागकाम करावे.

नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून अधिक कार्डे सहसा येत नाहीत, त्यामुळे भारतीयांची रांग कित्येक वर्षे हलत नाही. यावर एक तोडगा कायद्यातच आहे आणि आपल्या विवाह मंडळांनी त्याकडे दुर्लक्ष करावे याचे मला नवल वाटते. या रांगेत माणूस कोणत्या देशाचा नागरिक आहे हे पाहत नाहीत, त्याचा जन्म कोठे झाला हे पाहतात; आणि पतिपत्नींपैकी एकाचा जन्म दुसऱ्या देशात झाला असेल, तर दोघांनाही त्या देशाच्या रांगेत उभे राहता येते. म्हणजे जिचे वडील एके काळी मस्कतला नोकरीला होते आणि जी तिथल्याच रुग्णालयात जन्मली, त्या मुलीला कडक मंगळ असो, वरणाला फोडणी देता येत नसो, तिच्या दारात स्थळांनी मुंडावळ्या बांधूनच यायला हवे. स्थळाच्या माहितीपत्रकात रास, नाडी आणि गोत्र यांच्या वर 'जन्मदेश' हा रकाना ठळक अक्षरांत छापावा, अशी माझी सूचना आहे.

लग्नाच्या दिवशी घ्यावयाची काळजी एकच. ताटातल्या तांदळावर अंगठीने वधूचे नवे नाव लिहिण्याची हौस आवरा. माझ्या भाचीच्या लग्नात दादरच्या कार्यालयात ही हौस पुरी झाली आणि जावईबापूंच्या आत्याबाईंनी सुचवलेले नाव टाळ्यांच्या गजरात जाहीर झाले. त्यानंतर पासपोर्टावर एक नाव, निमंत्रणपत्रिकेवर दुसरे, विवाहनोंदणीच्या अर्जावर उत्साहाच्या भरात लिहिलेले तिसरे, आणि जन्माच्या दाखल्यावर नावच नाही, अशी स्थिती झाली. जन्माची नोंद बारशाआधीच होत असल्याने तो रकाना एकोणतीस वर्षे कोरा होता. ही चौघी एकच मुलगी आहे, हे प्रतिज्ञापत्रावर लिहून देण्यासाठी आम्ही ज्या कार्यालयात गेलो, तेथील गृहस्थांनी चारही कागद टेबलावर ओळीने मांडले, चष्मा कपाळावर चढवला आणि अत्यंत आपुलकीने विचारले, "यातल्या कितव्या मुलीचं लग्न झालंय?"

अग्नीच्या साक्षीने झालेल्या विवाहाचे कौतुक आपल्याला असते. व्हिसाच्या दृष्टीने अग्नी हा ग्राह्य साक्षीदार नाही. १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे विवाहाची नोंद करायची, तर पॅन, आधार बाळगणारे तीन हाडामांसाचे साक्षीदार न्यावे लागतात आणि भटजींची सही घ्यावी लागते. लग्नसराईत भटजींना गाठणे हे मुलगा गाठण्याहून अवघड असल्यामुळे दक्षिणेचे पाकीट सहीनंतर द्यावे.

आता मुख्य काम, म्हणजे विवाह खरा असल्याचे सिद्ध करणे. आय-१३०, म्हणजे पत्नीला अमेरिकेत बोलावून घेण्याची याचिका, नवरा भरतो. एप्रिल २०२४ पासून तिचे शुल्क ऑनलाइन ६२५ आणि कागदावर ६७५ डॉलर आहे. त्यासोबत तुमच्या प्रेमाचे पुरावे जोडावे लागतात. येथे मराठी घरातील संस्कार फार आडवे येतात. ज्या घरात वडिलांनी आईला चारचौघांत नावाने हाक मारलेली नाही आणि जिथे नवरा-बायको बाजारातून तीन पावलांचे अंतर राखून चालतात, त्या घरातल्या मुलीने आपल्या जिव्हाळ्याचे दस्तऐवज सादर करायचे असतात. भाचीच्या अल्बमात बाराशे छायाचित्रे होती. त्यांपैकी अकराशेंत पाहुणे आहेराचे पाकीट पुढे करून कॅमेऱ्याकडे पाहत होते आणि वधूवर त्या पाकिटाकडे. एकमेकांकडे पाहताना ते दोघे जेमतेम चार ठिकाणी सापडले, त्यांतही एकदा जावईबापूंच्या डोळ्यात अक्षता गेली होती.

दोघांमधील संदेशांची छापील प्रत जोडली तर बरे, असे कोणीतरी सुचवले. वधूचा मामा या नात्याने चाळण्याचे काम माझ्याकडे आले. सव्वा वर्षाच्या विरहाची ती २१२ पाने मी बोरिवली लोकलमध्ये उभ्याने वाचली. "जेवलास का?" "हो. तू?" "हो." "काय?" "भेंडी." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, फक्त भेंडीच्या जागी गवार. अमेरिकन अधिकाऱ्याला यात प्रेम कसे दिसणार, ही चिंता तिच्या आईला लागली. मला मात्र एकाही दिवसाचा खाडा नसलेला तो भाजीचा हिशेब पाहून गलबलून आले. तरीही तुम्हाला सल्ला द्यायचा तर असा, की अधूनमधून एखादे बदाम पाठवत जा. भेंडीचे भाषांतर होते, तिच्यातली माया होत नाही.

मुलीच्या वडिलांसाठीही या व्यवहारात एक सुखाचा क्षण राखून ठेवलेला आहे. जावयाचे पॅकेज, गाडी आणि बेसमेंटसह घर यांची चौकशी करून त्यांनी हे स्थळ निवडलेले असते. आता तोच जावई शपथेवर लिहून देतो, की त्याचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के आहे.

मुलाखतीसाठी फार लांब जावे लागत नाही, कारण भारतातील बहुतेक इमिग्रंट व्हिसांच्या मुलाखती मुंबईतच होतात. पूर्वी अमेरिकेच्या वाणिज्य दूतावासाचे हे ठिकाण ब्रीच कँडीला समुद्रासमोर होते, २०११ पासून ते वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. मोबाइल आणि पिशवी आत नेता येत नाही, म्हणून सोबत एक मामा न्यावा आणि त्याला बाहेर उन्हात उभा करून त्याच्या हाती सर्व द्यावे. भाचीने आदल्या रात्री सासूबाईंचे माहेरचे आडनाव, नवऱ्याच्या ऑफिसचा पत्ता आणि दिराची जन्मतारीख पाठ केली होती. खिडकीपलीकडच्या बाईंनी हसून एवढेच विचारले, की नवरा सकाळी काय खातो? भाचीने खरे तेच सांगितले. लग्नानंतर ते दोघे एकूण एकोणीस सकाळी एकत्र होते आणि त्यांपैकी सोळा सकाळी तिच्या आईने पोहे केले होते. व्हिसा मंजूर झाला. त्या रात्री माझ्या पत्नीने, सहज म्हणून, तिच्या चष्म्याचा नंबर मला विचारला. आमच्या लग्नाला एकतीस वर्षे झाली आहेत आणि डोंबिवलीत राहायला व्हिसा लागत नाही, एवढेच मी येथे नमूद करतो.

व्हिसा मिळाल्यावर मात्र विमानाचे तिकीट घाईने काढू नका. खोट्या विवाहांना आळा घालण्यासाठी १९८६ साली तेथे कायदा झाला. त्यानुसार अमेरिकेत पाऊल ठेवण्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील, तर मिळणारे 'कायम' वास्तव्य दोन वर्षांपुरतेच कायम असते. दोन वर्षे उलटून गेली असतील, तर दहा वर्षांचे कार्ड मिळते. म्हणजे सरकारी दिरंगाईने नवरा-बायकोला पुरेसा काळ दूर ठेवले, की त्यांच्या एकत्र राहण्यावर विश्वास बसतो. भाची मुदतीच्या सात महिने अलीकडे गेली, कारण तिला नवऱ्याला भेटायचे होते. तरुण मुलींना पोच नसते.

त्यामुळे आता कार्डाची मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ हा दोन वर्षांची अट काढून घेण्याचा अर्ज भरायचा आहे, आणि त्यासोबत विजेचे बिल, घरभाड्याचा करार, संयुक्त बँक खाते, विम्यावरचे वारसाचे नाव असा सगळा संसार पुन्हा जोडायचा आहे. तिच्या आईने ती तारीख लक्षात ठेवण्याची जबाबदारी घेतली आहे. त्या वर्षाचे कालनिर्णय अजून छापून आलेले नाही, म्हणून तूर्त ती देवघराशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिली आहे. घराला रंग देण्याचे काम तोपर्यंत लांबणीवर टाकले आहे.