बटण दाबा की ओ!

परवा डोळ्यांच्या दवाखान्यातल्या एका यंत्रानं मला लेखी कळवलं की माझ्यावर भरवसा ठेवता येत नाही. कागदावर ठळक अक्षरांत 'लो टेस्ट रिलायबिलिटी', शेजारी दोन फुल्या. शाळेत गणिताच्या वहीवरसुद्धा माझ्या नावापुढे अशा जोडीनं फुल्या पडल्या नव्हत्या. यात माझा काडीचाही दोष नाही, हे मी डॉक्टरांना, टेक्निशियन मुलीला, काउंटरवरच्या पोराला आणि रिक्षावाल्याला सांगून झालंय. आता तुम्हाला सांगते.

मला संधिवात आहे. म्हातारपणी गुडघे धरतो तो नव्हे. र्‍हुमॅटॉइड, जो चाळिशीतच बोटांच्या पेरांवर येऊन बसतो. त्यासाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन नावाची गोळी वर्षानुवर्षं चालू आहे. गोळी गुणी आहे. फक्त फार वर्षं घेतली तर काही जणांच्या डोळ्याचा पडदा ती मधल्या भागात पोखरायला लागते, म्हणजे नेमका जिथून आपण वाचतो आणि माणसं ओळखतो तिथे. प्रमाणात घेतली तर पहिल्या पाच वर्षांत हा धोका शंभरात एकालाही नाही, दहा वर्षांपर्यंत शंभरात दोनाच्या आत. वीस वर्षांनंतर मात्र तो शंभरात जवळपास वीसवर जातो. आणि गेलेलं परत येत नाही. म्हणून दिसण्यात फरक पडायच्या आधीच तपासत राहायचं: सुरुवातीला एकदा, आणि पाच वर्षं झाली की दरवर्षी. गोळी सुरू करताना हे मला कुणी सांगितलं? कुणीही नाही. चिठ्ठीच्या तळाशी 'आय चेकअप' लिहिलं होतं म्हणे. त्या अक्षरात ते केमिस्टला 'आयर्न कॅप्सूल' वाटलं, त्यानं लोहाच्या गोळ्या दिल्या आणि मी त्या खाल्ल्यासुद्धा.

डोळ्याच्या दवाखान्यात शिरल्या शिरल्या वजन करतात. विचित्र वाटेल, पण या गोळीचं सगळं गणित वजनावर आहे. दर किलोला रोज ५ मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही. पूर्वी हा हिशेब आदर्श वजनावर करत. २०१६ साली अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीनं ते सोडून दिलं आणि माणसाचं खरं वजन धरा म्हणून सांगितलं. आदर्श वजनाचा नाद सोडणारे हे जगातले एकमेव डॉक्टर असावेत. माझं वजन ६४, म्हणजे ३२० पर्यंत मुभा. मी सरासरी ३०० घेते, एक दिवस एक गोळी, दुसऱ्या दिवशी दोन. वजन घटलं तर गोळी कमी करावी लागेल, त्यामुळे दुसऱ्या पुरणपोळीला हात घालताना मी घरात "डोससाठी" असं स्पष्ट सांगते. काउंटरवरच्या पोरानं मात्र "चौसष्ट!" असं ओरडून अख्ख्या वेटिंग हॉलला माझी मात्रा कळवली, त्याची काही गरज नव्हती.

मग फॉर्म. 'चालू औषधे' यासाठी बोटभर रेघ. दहा-बारा वर्षं दुखणं काढलेला माणूस बोटभर रेघेत काय लिहिणार? मी समासात घुसून गोळीचं नाव लिहिलं. चष्म्याचा नंबर बघणाऱ्या मुलानं ते वाचलं आणि म्हणाला, "मॅडम, हे मलेरियाचं ना? थंडी वाजते का?"

मूळची ती मलेरियाचीच, हे खरं. पण या गोळीला कुणीही काहीही समजावं आणि भोगावं आम्ही, हे मला नवं नाही. २०२० चा मार्च आठवा. आयसीएमआरनं ती आरोग्य कर्मचाऱ्यांना कोरोना टाळण्यासाठी घ्यायला सांगितली, तिकडे अमेरिकेच्या अध्यक्षांनी तिची तारीफ केली, आपल्या सरकारनं निर्यात थांबवली आणि मग थोडी सोडली. आमच्या गल्लीत ज्यांना साधी शिंकही आली नव्हती त्यांच्या कपाटात स्ट्रिपा जमा झाल्या. सकाळी ज्यांची बोटं वळत नाहीत ते आम्ही दुकानोदुकानी हिंडत होतो. अमेरिकेनं दिलेली तातडीची परवानगी जूनमध्ये काढून घेतली आणि गोळीचा भाव उतरला. दोन-तीन दिवाळ्या गेल्यावर एका शेजारणीनं उरलेली स्ट्रिप मला आणून दिली. "तुझ्या उपयोगी पडेल." एक्स्पायरी उलटलेली होती. असो. ही बाई अजून समोरच राहते.

तर, फिल्ड. म्हणजे नजरेच्या टप्प्यात कुठे दिसतं, कुठे दिसत नाही याची तपासणी. दवाखान्यात सगळे 'फिल्ड' असंच म्हणतात. अंधारी खोली, टेबलावर पांढऱ्या घमेल्याला आडवं करून ठेवावं तसं यंत्र. हनुवटी आधारावर टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं, एका डोळ्यावर झाकण. समोर मधोमध एक पिवळसर दिवा, नजर त्याच्यावरच. आजूबाजूला बारीक ठिपके चमकतात. दिसला की हातातलं बटण दाबायचं. सोपं वाटतं ना? ते ठिपके इतके मंद होत जातात की दिसला की भास झाला, हेच कळेनासं होतं. यंत्र मुद्दामच प्रत्येक जागी उजेड कमी करत नेतं, तुम्हाला दिसेनासं होईपर्यंत. म्हणजे निम्मे ठिपके धडधाकट माणसालाही दिसत नाहीत. हे एक वाक्य कुणी आधी सांगितलं असतं तर बाहेर पडेपर्यंत मी आंधळी झाल्याची खात्री मला झाली नसती. शिवाय आपल्या आशियाई लोकांत या गोळीचं नुकसान बरेचदा मध्यापासून जरा लांब सुरू होतं, म्हणून ६८ ठिपक्यांच्या छोट्या नकाशावर भागत नाही, मोठाही काढतात.

टेक्निशियन मुलीनं मला बसवलं, यंत्र सुरू केलं आणि फोन वाजला म्हणून बाहेर गेली. जाताना दारातल्या माणसाला म्हणाली, "काका, पुढचा नंबर तुमचा, इथंच स्टुलावर बसा."

स्टूल नेमकं यंत्राच्या पलीकडे, स्क्रीनसमोर.

काका शिरोळकडचे. टोपी, धोतर, मांडीवर पिशवी, पिशवीत सगळ्या जुन्या फायली. काचबिंदूसाठी नेहमी येणारे, त्यामुळे फिल्ड या विषयातले अधिकारी. स्क्रीनवर आता कुठला ठिपका पेटलाय ते त्यांना दिसत होतं. मला दिसत नव्हतं.

"आलं बगा," काका म्हणाले.

मला वाटलं फोनवर बोलतायत.

"वर आलं, वर! डाव्या अंगाला! दाबा की ओ ताई!"

आता सांगा, कुणी 'वर' म्हटल्यावर माणूस वर बघणार नाही का? मी वर बघितलं.

"गेलं. हुकलं. ह्ये खाली आलं, खाली. दाबा! आवो दाबा की!"

मी दाबलं. काहीही दिसलेलं नसताना, निव्वळ वडीलधाऱ्या माणसाचा शब्द म्हणून. लगेच माझी चूक नाही हे स्वतःला समजावून सांगेपर्यंत पुढचे दोन गेले.

हनुवटी हलवायची नाही अशी सक्त ताकीद होती, म्हणून मी दात न उघडता म्हटलं, "काका, जरा थांबता का?"

"आंबा? आंबा कुटला आत्ता? अजून म्हैनाभर तरी हाय. आमच्या मळ्यात दोन झाडं हायत, पर औंदा म्होर गळाला."

मोहोर का गळाला याची माहिती पुढचा सगळा वरचा उजवा कोपरा होईपर्यंत चालली. मध्येच थांबून "दाबा" म्हणायला ते विसरत नव्हते. डोळा बदलायला मुलगी धावत आत आली, झाकण बदललं, "छान करताय हं मॅडम" म्हणाली आणि परत गेली. काय छान? तिनं स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसरा डोळा सुरू होण्याआधी मी तोंड सोडवून घेतलं. "काका, माझं मला करू द्या. तुम्ही सांगितलं की माझी नजर हलते."

"बरं बरं. मी आपलं मदतीला म्हटलं. तुमचं काय, काचबिंदूच न्हवं?"

मी गोळीचं सांगितलं. ही मधलं बिघडवते, म्हटलं.

काका विचारात पडले. "म्हंजे तुमचं मधलं जायाचं. आन् माजं काठाचं गेलंय, मधलं झ्याक दिसतंय." मग एकदम खूश होऊन, "दोघांचं मिळून एक हुतंय की ओ!"

मला हसू आलं आणि हनुवटी आधारावरून निसटली. यंत्रानं तेही टिपलं असणार.

मग ते आपल्या तब्येतीवर आले. पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन. साखर नाही, बीपी नाही, फक्त लघवीला अडतं म्हणून रात्री एक गोळी. "ती काय त्या कागदावर लिवली न्हाई मी. मुताचा आन् डोळ्याचा काय संबंध?"

संबंध आहे, आणि चांगलाच आहे. आमच्या भाऊजींच्या वेळी तो कळला होता. प्रोस्टेटच्या त्या टॅम्सुलोसिन गोळीनं बुबुळाचा पडदा ढिला पडतो आणि मोतीबिंदू काढताना ऐन वेळी लोंबकळायला लागतो. सर्जनला आधी माहीत असेल तर तयारी ठेवता येते, माहीत नसेल तर पंचाईत. हे मी काकांना सांगायला गेले, हनुवटी टेकवून, दात मिटून, एका डोळ्यानं पिवळ्या दिव्याकडे बघत आणि बटण दाबत. काकांना त्यातलं नाव तेवढं ओळखता आलं.

"व्हय, टॅम्सु का काय तीच. सांगायला पायजे म्हंता? पर आत डॉक्टर बाईमाणूस हाय ओ. तिला ह्ये कसं सांगायचं?" मग त्याच सुरात, "ते बगा, उजवीकडं. दाबा."

फिल्ड झालं. कागद छापला, मुलीनं तो घडी घालून फायलीत सारला आणि डोळ्यांत थेंब घातले. बाहुल्या मोठ्या व्हायला वीस-पंचवीस मिनिटं, डोळे मिटून बसायचं. मग ओसीटी. ती बरी, नुसता उजेड टाकून पडद्याच्या थरांचं चित्र घेते, मायक्रॉनमध्ये जाडी सांगते आणि कुणी सूचना दिल्या तरी तिला फरक पडत नाही.

आत डॉक्टरांनी ओसीटी बघितली. "सुंदर आहे." पडदा तपासला. "सुंदर." मग फिल्डचा कागद उघडला आणि त्यांचा चेहरा बदलला. निदान बदलला असावा. मला तोवर चेहऱ्याच्या जागी नुसतं गोरं गोरं काहीतरी दिसत होतं.

"तुमची नजर सारखी हलतेय. आणि ठिपका नसतानाही बटण दाबताय."

यंत्र अधूनमधून सापळा लावतं म्हणे. प्रत्येक डोळ्यात एक नैसर्गिक आंधळी जागा असते, तिथे ठिपका दाखवून बघतं. तोही दिसला म्हणजे तुमची नजर मधल्या दिव्यावर नाही. माझ्या बाबतीत सापळ्याला चांगलं यश आलं होतं. मी काकांची सगळी हकीगत सांगितली. डॉक्टर हसल्या, चांगल्या हसल्या, आणि म्हणाल्या, "रिपीट करावं लागेल. आज नाही होणार, बाहुल्या मोठ्या आहेत. परत या."

"हे थेंब घालायच्या आधी कुणी कागद बघितला असता तर?"

"बघायला हवा होता," त्या म्हणाल्या. एवढंच. 'हवा होता' म्हणून त्यांनी पुढची फाईल ओढली.

निघता निघता मी म्हटलं, बाहेर शिरोळचे एक काका आहेत, ते प्रोस्टेटची गोळी घेतात, तुम्हाला सांगायला लाजतायत. डॉक्टरांनी पेन उचललं. "तुम्ही त्यांच्या कोण?"

काय सांगणार? "आमचं दोघांचं मिळून एक होतं," म्हणाले असते तर भलताच घोटाळा झाला असता.

काउंटरवर आणखी एक फॉर्म पुढे आला. 'आमच्या सेवेबद्दल आपले मत', बारीक टायपात. डोळ्यांत थेंब घालून वाचायला अक्षरं देणारा माणूस मला एकदा भेटायचा आहे. रिपीटचे पैसे आजच भरा, असंही कळलं. मी आवाज चढवला. तुमची मुलगी फोनवर, तुमचं स्टूल तिथे, तुमचे थेंब आधी, आणि भुर्दंड मला? मेडिक्लेम या असल्या तपासण्यांना हात लावत नाही, वर्षाकाठी सगळं खिशातून जातं. पोरगा आत जाऊन विचारून आला. "निम्मे द्या काकू." चला, म्हटलं, एवढी तरी चाड आहे. क्यूआर कोडवर फोन धरला, आकडे धुरकट. त्यालाच म्हटलं, बाळा, तूच टाक रक्कम. त्यानं टाकली, मी पिन दाबला. पिन बोटांना पाठ आहे म्हणून बरं.

'येताना सोबत कुणाला तरी आणा' ही पाटी मला रिक्षात बसताना सापडली, जिन्याखाली, सायकलींच्या मागे. मार्चचं ऊन डोळ्यांत असं घुसलं की पदर डोक्यावरून तोंडावर ओढून घरी आले. रिक्षावाल्याला वाटलं दुःखाची काही बातमी आहे. तो बिचारा हळू चालवत राहिला.

रात्री जेवणं झाल्यावर नजर ताळ्यावर आली. बँकेचा मेसेज उघडला. पैसे पूर्ण गेले होते.

सकाळी नऊच्या ठोक्याला फोन लावला. पोरगाच होता. सगळं ऐकून घेतलं, रजिस्टर चाळलं, आणि म्हणाला, "पण काकू, पैसे देताना बघून घ्यायचं होतं की."